१०० एमबीपीएसचं कनेक्शन असूनही गेम का अडखळतो?

तुमचं म्हणणं असं, की प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्टमध्ये स्पीड पूर्ण दिसतो, तरी रात्री खेळताना पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ३० वरून थेट ३०० वर जातो. मग ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. खेळताना डेटा फारच थोडा लागतो. बहुतेक गेमचं १ एमबीपीएसच्या आत भागतं. मोठ्या प्लॅनचा उपयोग गेम किंवा अपडेट डाउनलोड करताना. खेळताना बघायचं ते पिंग किती, तो किती वरखाली होतो आणि किती पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवतात. स्थिर ६० चा पिंग खेळायला चांगला, पण २५ आणि १५० च्या मध्ये हेलकावणारा त्रासदायक, कारण मग शत्रू पडद्यावर दिसतो एकीकडे आणि सर्व्हरच्या हिशेबात असतो दुसरीकडे.

दोष कुठे आहे ते आधी मोजा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरखालच्या स्टिकरवर असतो) पिंग लावा, दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर). दोन्हीकडे शेवटी हायफन आणि टी टाका, म्हणजे पिंग थांबणार नाही. मग नेहमीसारखं खेळा.

राउटरपर्यंतचाच पिंग उसळत असेल, तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. केबलने हा आकडा १ मिलिसेकंदाच्या आसपास राहतो. वाय-फायवर एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, आणि पॅकेट बिघडलं की पुन्हा पाठवावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झवर जा, पण मध्ये दोन भिंती असतील तर तेही कोमेजतं. माझा आग्रह केबलचाच: कॅट ५ई पुरते. केबल लावल्यावर विंडोजमध्ये लिंक स्पीड १०००ऐवजी १०० दिसला, तर बहुतेक वेळा केबलमधल्या तारांची एखादी जोडी तुटलेली असते किंवा कनेक्टर नीट क्रिंप झालेला नसतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात.

राउटरचा पिंग शांत, पण बाहेरचा उसळतो? मग घरात कुणाचे फोटो किंवा व्हिडिओ क्लाउडवर चढताहेत का ते बघा. हे कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. अपलोड भरला की राउटर पॅकेट टाकून न देता रांगेत धरून ठेवतो. समजा अपलोड १० एमबीपीएस आहे आणि रांगेत १ मेगाबाइट साचला. तो बाहेर पडायला ०.८ सेकंद लागणार, आणि तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट त्याच्या मागे ताटकळणार. म्हणजे पिंगमध्ये ८०० मिलिसेकंदांची भर! नुसतं डाउनलोड जोरात चालू असलं तरी थोडंबहुत असंच होतं.

यावर उपाय म्हणजे राउटरमधलं एसक्यूएम, म्हणजे ही रांग छोटी ठेवणारी सोय. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर टाकायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ निवडून चालू करता येतं. मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, डाउनलोड आणि अपलोड दोन्हींसाठी वेगळी. थोडा स्पीड जातो, पण रांग तुमच्या ताब्यात येते. सोय नसेल तर निदान बॅकअपच्या ॲपमध्ये अपलोडला मर्यादा घाला. गेमिंगचं लेबल असलेल्या महागड्या राउटरपेक्षा मी याला जास्त महत्त्व देईन.

सर्व्हरचं अंतर मात्र कुणालाच कमी करता येत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद, आणि केबलचा मार्ग कधीच सरळ नसतो. गेममध्ये जवळचा रिजन निवडा. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलून खेळतानाचा पिंग कमी होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

घरात दुसरं काही चालू नसताना, केबलवरही रात्रीच पिंग चढतो आणि सकाळी उतरतो, तर गर्दी पुरवठादाराच्या जाळ्यात आहे. तक्रार करताना वेळेसह पिंगचे आकडे आणि ट्रेसर्टचा (सर्व्हरपर्यंतच्या वाटेतले टप्पे दाखवणारी विंडोजची कमांड) निकाल द्या. त्यात मधल्याच एखाद्या टप्प्यावर उत्तर नसेल आणि शेवटपर्यंत आकडे ठीक असतील, तर तो दोष समजू नका. अनेक राउटर पिंगला उत्तर देणं मुद्दाम मागे ठेवतात. ज्या टप्प्यापासून पुढे सगळेच आकडे चढलेले दिसतात, तो टप्पा दाखवा.