वाचकांचे प्रश्न : तयार डो आणलाय, आता गार्लिक रोल कसे करू?

सुट्ट्या लागल्या की मुलं घरी आणि प्रश्न सगळे खाण्याचे. या महिन्यात गार्लिक ब्रेडवर इतके प्रश्न आलेत की लोणच्याचे आणि बिबड्यांचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलतेय, रागावू नका.

चोपड्याहून एक ताई विचारतात : मुलांना ते गुंडाळी केलेले गार्लिक रोल पाहिजेत. यीस्ट, मळणं, तासभर ठेवणं एवढं सगळं मला जमणार नाही. बेकरीत मळलेला मैदा (डो) मागितला तर देतात का? आणि आणला तर पुढे काय करायचं, अगदी पहिल्यापासून सांगा.

ताई, देतात, ओळखीचा पाववाला असेल तर नक्कीच. फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि त्याचं मळणं कधी असतं ते विचारून त्या वेळेला जा, नंतर गेलात तर सगळा मैदा पावात गेलेला असतो. जाताना डबा घरचा न्या, आतून तेल लावलेला आणि गोळ्याच्या दुप्पट मोठा, कारण आपल्याकडच्या उन्हात घरी येईपर्यंत तो झाकण वर उचलतो. अर्धा किलो घ्या, त्यात १२ रोल होतात.

आधी लसणाचं बघू. देशी लसूण असेल तर २० - २५ पाकळ्या, त्या मोठ्या पाकळ्यांचा असेल तर १० - १२ पुरे. मिक्सरला लावू नका, खलबत्त्यात ठेचा आणि ठेचून १० मिनिटं तसाच राहू द्या. पाकळी फुटली की आतली द्रव्यं एकमेकांत मिसळून तो वास तयार होतो (अ‍ॅलिसिन म्हणतात त्याला), लगेच गरम केलं तर वास नीट तयारच होत नाही. मग १०० ग्रॅम मऊ बटरमध्ये हा लसूण, मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर आणि थोडे चिली फ्लेक्स, नाहीतर सरळ आपली लाल मिरची जाडसर कुटून घाला. अमूलचं पिवळं बटर खारट असतंच, त्यामुळे मीठ नको. बटर मऊ पाहिजे, पातळ नको, आणि गरम तर मुळीच नको कारण ५५ - ६० अंशाच्या पुढे यीस्ट मरतं आणि मग रोल फुगतच नाहीत.

आता गोळा. ओट्याला तेलाचा हात लावून लाटा, कोरडा मैदा भुरभुरत बसलात तर रोल घट्ट होतात. साधारण १२ इंच बाय १५ इंच, पोळीपेक्षा बरीच जाड. लाटताना मागे मागे ओढला जात असेल तर जोर लावू नका, ओलं फडकं टाकून १० मिनिटं सोडून द्या, नंतर ऐकतो तो. तीन भागांतलं साधारण दोन भाग बटर पसरा, कडेला बोटभर जागा सोडा, लांब बाजूने गुंडाळी करा आणि शेवटची कड पाण्याचं बोट लावून चिकटवा. कापायला सुरी नको, साधा शिवायचा दोरा घ्या, गुंडाळीखालून घालून वर फास ओढला की गोल तुकडा सुटतो, चेपत नाही. तेल लावलेल्या भाजायच्या डब्यात तुकडे थोडे अंतर ठेवून मांडा.

आणि आता बहुतेक जण जी पायरी गाळतात ती. डो तयार आणला म्हणजे काम संपलं असं नाही, रोल मांडल्यावर एकदा फुगू द्यावेच लागतात. सगळ्या रेसिपींमध्ये ४५ मिनिटं, १ तास असं लिहिलेलं असतं, ते थंड गावातलं गणित. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ अंश असताना स्वयंपाकघरात २० - २५ मिनिटांत काम होतं, तासभर ठेवलेत तर आंबट वास येतो आणि रोल भाजताना बसतात. उलट डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १० च्या खालीही जातो, तेव्हा दीड तास लागला तरी घाबरू नका. म्हणून घड्याळ बघूच नका, बोट लावून बघा. हलकं दाबल्यावर खळगा लगेच वर आला तर अजून वेळ आहे, हळूहळू थोडासा वर आला तर भाजायला घ्या, आणि वर आलाच नाही तर जास्त झालंय.

ओटीजी (आपला छोटा विजेचा ओव्हन) १० मिनिटं आधी तापवा, १९० अंश, दोन्ही रॉड चालू, मधली जाळी, १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर उरलेलं बटर वरून लावा. बस.

शिरपूरहून एक वाचक : आमच्या लेकाने पुण्याहून येताना फ्रोझन डो आणला, तो दगडासारखा आहे. गरम पाण्यात ठेवू का?

नका ठेवू, बाहेरून चिकट होईल आणि आतून बर्फ तसाच. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, झाकून, सकाळपर्यंत मऊ होतो, मग अर्धा तास बाहेर ठेवून लाटायला घ्या. पाकिटावर काय लिहिलंय ते मात्र बघा. त्यात यीस्ट असेल तर वरचीच पद्धत. फ्रोझन पराठा किंवा खारीचं पीठ असेल तर त्यात यीस्ट नसतं, ते पदर सुटून कुरकुरीत होतं, त्याला फुगायला ठेवायची गरज नाही, चवीला छान लागतं पण ती लसणाची खारी झाली, पावासारखा मऊ रोल नाही.

साक्रीहून : लसून जळी जास, काय करू बहीन?

वर लावू नका ना बहीन! लसणाचे बारीक तुकडे पावाच्या आधी भाजून निघतात आणि एकदा काळे पडले की कडू. आत गुंडाळीत असलेला लसूण जळत नाही कारण त्याला भोवती ओला मैदा असतो. वरून भाजण्याआधी नुसतं दूध किंवा साधं बटर लावा आणि लसणाचं बटर शेवटी, बाहेर काढल्यावर. कच्चा लसूण वरून तिखट वाटत असेल तर ते उरलेलं बटर अगदी मंद आचेवर मिनिटभर कोमट करून घ्या, रंग बदलायच्या आत उतरवा. आणि कुणी सांगितलं असेल की लसूण पिठातच मळून टाका, तर तेही नको, कच्चा लसूण जास्त झाला की यीस्ट मंदावतं आणि पीठ सैल पडतं.

अमळनेरहून : उन्हाळ्यात बटर इतकं वितळतं की गुंडाळी करताना सगळं बाजूने बाहेर येतं.

गुंडाळी झाली की ताटासकट फ्रीझरमध्ये १५ मिनिटं ठेवा, मग दोऱ्याने कापा. आणि हे काम सकाळी ७ ला करा, दुपारी २ ला नाही, एवढाच उपाय आहे. कोणी तूप वापरायचं म्हणत असेल तर त्यापेक्षा बटरच बरं, तूप तर या दिवसांत बरणीतच पाणी होऊन बसलेलं असतं.

यावलहून एक वहिनी : आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल का?

होईल. कुकरची शिटी आणि रबर काढा, तळाला वाटीभर मीठ पसरा, वर स्टँड, झाकून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. ६ - ७ इंची डब्यात ६ रोल बसतात, मंद आचेवर ३० - ३५ मिनिटं. पाणी अजिबात घालायचं नाही. वरून ते पांढरेच राहतील, कारण वरून आच नाही, तर शेवटी तव्यावर थोडं बटर टाकून तोंड खाली करून मिनिटभर शेका. खरं सांगायचं तर मला कुकरचे रोल जास्त आवडतात, खालून खरपूस होतात. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र करू नका, कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजायची सोय) नसेल तर रंगही येत नाही आणि गार झाले की चिवट.

पारोळ्याहून : भाजायला ठेवले आणि लाईट गेली. तासाने आली. फेकून द्यायचे का?

कितव्या मिनिटाला गेली त्यावर आहे. सुरुवातीलाच गेली असेल तर ओटीजीत ठेवून वाट बघू नका, डबा काढून सरळ वर सांगितलेल्या कुकरमध्ये नाहीतर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद गॅसवर पुरं करा. १० - १२ मिनिटं झालेली असतील तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर बरंच काम होतं, नंतर तव्यावर दोन्हीकडून शेकून घ्या. लाईट जायची वेळ ठरलेली असेल तर तिच्या आधीच करा, त्यात काय एवढं.

नंदुरबारहून : घरी बट्टीचं पीठ भिजवलेलंच असतं. त्याचेच गुंडाळून केले तर?

बट्टीत यीस्ट नाही आणि पीठ जाडसर रव्याळ, ते लाटून गुंडाळलं की भेगा पडतात. पण लसणाचं बटर वाया जाणार नाही, बट्टी नेहमीसारखी करा, फोडा आणि तुपाऐवजी हे बटर सोडा. वरण नंतर.

धुळ्याहून एक काकू : आम्ही चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही, बिनालसणाचे सांगा.

ओवा, मिरी, कोथिंबीर आणि चिमूटभर हिंग बटरमध्ये, बाकी सगळं तेच. चांगले होतात, फक्त गार्लिक नाव देऊ नका, मुलं फसत नाहीत. नाहीतर कांदेनवमीला एकदा पोटभर लसणाचे करून घ्या.

रावेरहून : बटर एकदम करून ठेवलं तर किती दिवस टिकतं?

कच्चा लसूण घातलेलं बटर किंवा तेल ओट्यावर ठेवायचं नाही, हे नीट लक्षात घ्या. तेल-तुपात हवा लागत नाही आणि तशा जागी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, त्यांचं विष तयार झालं तरी वास-चव बदलेलच असं नाही. फ्रीजमध्ये ४ दिवस, त्याहून जास्त पाहिजे असेल तर छोट्या वड्या करून फ्रीझरमध्ये. थंडीत पातीचा लसूण येतो तेव्हा तर साठवायची गरजच नाही, भरताला आणलेल्या जुडीतली थोडी पात बाजूला काढा, खालच्या लसणाच्या कांद्या बटरमध्ये ठेचून आत आणि हिरवी पात बारीक चिरून भाजल्यावर वरून.

जळगावहून : हे रोल कशासोबत द्यायचे? पाहुण्यांना नुसते कसे द्यायचे?

टोमॅटो सूपसोबत देतात लोक, मेयोनीजही ठेवतात. आमच्याकडे शेवभाजीचा रस्सा ठेवला होता बाजूला, तर सूपला कुणी हात लावला नाही. रस्सा जरा पातळ ठेवा आणि रोलमध्ये मिरची कमी घाला, तिखट तिकडे आहेच.