आरोग्यप्रश्न : तोच ताप तिसऱ्यांदा येतो तेव्हा

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या गावातील एका ऊसतोड कुटुंबातील पाच वर्षांच्या मुलाला दीड महिना अधूनमधून ताप येत होता. पाय दुखतात म्हणून तो रात्री रडायचा आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तीन ठिकाणी सुया आणि टॉनिक झाले, दर वेळी चार दिवस बरे वाटायचे. शेवटी छत्रपती संभाजीनगरला रक्ताचा कर्करोग निघाला. मी त्याला रोज पाहत होते, तरी मला का ओळखता आले नाही? आईवडिलांनी मुकादमाची उचल घेतली आहे, त्यामुळे दसऱ्यानंतर त्यांना कारखान्यावर जावे लागेल. गावात काही जण आपली मुले त्या घरी जाऊ देत नाहीत. मी काय करू शकते?

उत्तर : ताई, आपण स्वतःला दोष देऊ नये. ताप, अशक्तपणा आणि पायदुखी ही लक्षणे आपल्या भागात शंभर मुलांत दिसतात आणि त्यांपैकी बहुतेकांना साधाच आजार असतो. एकेका लक्षणावरून हा रोग कोणालाच ओळखता येत नाही. मग तो डॉक्टर असो वा सेविका. म्हणून मी लक्षणांइतकेच फेऱ्यांकडे लक्ष द्यायला सांगतो. तेच मूल त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा दवाखान्यात जात असेल, तर त्याला चौथे टॉनिक नको, रक्ततपासणी हवी. रक्तातील पेशींची मोजणी आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच पाहणे या दोन्ही तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकतात आणि त्यांतून रक्ताच्या कर्करोगाची शंका पुष्कळदा तिथेच येते.

‘चार दिवस बरे वाटायचे’ हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्या सुयांमध्ये काय होते, हे मला माहीत नाही. मात्र स्टेरॉइड दिले गेले, तर रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी काही दिवस दबतात, मूल खेळू लागते, आणि पुढे निदान अवघड होऊन उपचारांची दिशाही चुकू शकते. म्हणून ताप लांबलेल्या मुलाला कोणती सुई दिली, हे पालकांनी विचारून घ्यावे आणि प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवावी. अंगावर मार न लागता निळे-जांभळे डाग पडणे, हिरड्यांतून रक्त येणे, मानेत वाढत जाणारी आणि न दुखणारी गाठ, पहाटेची डोकेदुखी व उलटी, एकाच बाजूचे पोट फुगणे, गुडघ्याजवळची न उतरणारी सूज, यांपैकी काही आढळल्यास वाट पाहू नये. मानेतील गाठ क्षयाचीच आहे असे गृहीत धरून, तुकडा न तपासता महिनोन्‌महिने औषध देणे चुकीचे आहे. पोटातील गाठ चोळू नये. ती मूत्रपिंडाची असल्यास दाबाने फुटू शकते. गुडघ्याची सूज हाडवैद्याकडून चोळून घेण्याआधी एक्स-रे काढावा.

आता पुढचे, आणि माझ्या मते अधिक कठीण. उत्तम सोयी असलेल्या देशांत कर्करोग झालेली 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. आपल्याकडे हातातून निसटणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा उपचार मध्येच तुटलेला असतो. या मुलाला जर लहान मुलांमध्ये नेहमी आढळणारा तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग असेल, तर उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांतच मूल टवटवीत दिसू लागते आणि घरच्यांना वाटते, आजार गेला. तो गेलेला नसतो. त्यामुळे निदान सुरुवातीचे महिने तरी आई किंवा आजी यांपैकी एकीने मुलाजवळ राहावे. नंतरच्या गोळ्यांच्या टप्प्यात कुटुंब कारखान्यावर जाणारच असेल, तर तो पत्ता रुग्णालयाला आधी कळवावा, म्हणजे तिथल्या जवळच्या दवाखान्यात रक्ततपासणीची व्यवस्था लावता येईल का, हे डॉक्टर पाहतील. रेशनकार्ड आणि मुलाचे आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनिसाला, भेटल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मदत मिळू शकते. राहण्या-जेवणाची अडचण रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना सांगावी. पुढे मुंबईला पाठवले गेलेच, तर रुग्णालयाचा दाखला दाखवून रेल्वेच्या शयनयान डब्यात रुग्णाला विनामूल्य आणि सोबतच्या एका व्यक्तीला 75 टक्के सवलतीत प्रवास करता येतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका चटईवर झोपल्याने तो कोणालाही होत नाही. तो आईच्या खाण्यापिण्याने होत नाही आणि ग्रहणाशीही त्याचा संबंध नाही, हे गावाला आपण सांगितले, तर माझ्यापेक्षा आपले ऐकतील. खबरदारी उलट दिशेची हवी : केमोथेरपीमुळे त्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, म्हणून कांजिण्या, गोवर किंवा सर्दी-खोकला झालेल्या मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे. उपचार चालू असताना पोलिओचे थेंब किंवा गोवर-रुबेलाची लस त्याला तेथील डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. घरातील भावंडांच्या पोलिओच्या थेंबांबाबतही विचारून घ्यावे. ताप 100.4 अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. अशा मुलात तो ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. घरी थर्मामीटर नसल्यास, ताई, तो आपण मिळवून द्यावा.

प्रश्न : आठ महिन्यांच्या नातीच्या फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक दिसते, मांजराच्या डोळ्यासारखी. सून म्हणते, मोबाइलचा दोष आहे. (एक आजोबा, परभणी)

उत्तर : मोबाइलचा दोष असूही शकतो, पण ती चमक मोतीबिंदूमुळे किंवा डोळ्याच्या पडद्यावरील कर्करोगामुळेही दिसते, आणि हा कर्करोग मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होतो. वेळेत कळला तर जीव वाचतो आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करणारे थेंब टाकून दोन्ही डोळ्यांचे पडदे तपासून घ्यावेत. दुकानातून आणलेले थेंब घालू नयेत. कर्करोग निघाल्यास तिच्या भावंडांचेही डोळे तपासावे लागतील. पुन्हा पुन्हा फोटो काढून पाहत बसू नये. जो काढला आहे तो पुसू नये, डॉक्टरांना दाखवावा.