आई-बाबा दोघांनाही शुगर आहे, मग मी चालून काय उपयोग?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट) ६.१, आई-बाबा दोघांनाही शुगर, आणि वर "होणारच आहे तर आत्तापासून जिवाचे हाल कशाला?" माझा थोरला भाऊ अगदी हेच म्हणायचा. "रक्तातच आहे ओ आमच्या," असं म्हणत तो पंगतीत भात वाढून घ्यायचा.

या टेस्टमध्ये ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या काठावरचा पट्टा. तुम्ही काठावर आहात, पाण्यात नाही. आई-बाप दोघांनाही असेल तर धोका बराच वाढतो, हे खरं. पण घरातून रक्ताबरोबर ताटही येतं. आमच्याकडे जेवण भातानं सुरू होऊन भातानंच संपायचं. रात्री बाबा कट्ट्यावर बसून द्रोणातला गोड कुंदा बोटानं पुसून खायचे आणि शेवटचं बोट माझ्या तोंडात. ते बोट कुठल्या जनुकात धरायचं?

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं काठावरच्याच लोकांवर अभ्यास केला, २००६ मध्ये तो छापून आला. नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांपेक्षा खाणं-चालणं सुधारलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत २६.४ टक्क्यांनी. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात तर खाणं-चालणं सुधारून ५८ टक्के. तिथं लक्ष्य काय होतं? वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं. बस्स.

आता तुमच्या त्या "होणारच"बद्दल. स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात काही जणांना, खरा रिपोर्ट काहीही असो, सांगितलं की तुमच्या जनुकांमुळे व्यायाम झेपणार नाही. पुढच्या खेपेला ट्रेडमिलवर त्यांचा दम खरोखरच लवकर संपला. मला हे वाचून भाऊच आठवला.

भात सोडू नका, बेळगावात राहून ते जमायचंही नाही. आधी उसळ-भाजी, मग एकच वाटी भात. पंगतीतलं "थोडं घ्या ओ" मात्र जनुकांपेक्षा चिवट, तिथं मी पानावर सरळ हात आडवा धरतो. तीन महिन्यांनी टेस्ट परत करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

मला झाली का? झाली. ५८ व्या वर्षी. बाबांना ४१ व्या, भावाला ४४ व्या वर्षी झाली होती. मधली वर्षं मी गोळीशिवाय काढली, दोन्ही मुलींची लग्नं त्यातच उरकली.

अनगोळहून व्हॅक्सिन डेपोचं मैदान लांब नाही. सकाळी सहाला मी तिथं असतो. पहिली फेरी सावकाश असते, या.