खान्देशात जमीन मोजणी कधी सुरू झाली आणि लोकांनी तिला विरोध का केला?

पद्धतशीर मोजणी इंग्रजांच्या काळात, 1852 च्या सुमारास सुरू झाली. तिची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1835-36 मध्ये इंदापूर तालुक्यात बसवलेली. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीवर दगड, मातीचा कस पाहून सारा (जमिनीवरचा कर), आणि तो सारा साधारण 30 वर्षं कायम.

कागदावर हे सगळं छान दिसतं. पण 1852 मध्येच सावदा, यावल, एरंडोल भागात शेतकरी मोजणीविरुद्ध उठले. मोजणीची साखळी शेतात आली की सारा वाढणार, ही भीती होती. सरकारने लष्कर आणून उठाव मोडला. त्यांना नुसतं अडाणी म्हणणं मला पटत नाही. मोजणारा आणि वसूल करणारा एकच असेल तर संशय येणारच.

साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणत. 33 बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. आजही आपण हेच बोलतो.

मोजणीमुळे शेताला ओळख मिळाली, खातेदाराला विकता-गहाण ठेवता येणारा हक्क मिळाला. त्याच वाटेने सावकारही आत आला. पुढे 1947 च्या एकत्रीकरण (जमिनीचे तुकडे जोडण्याच्या) कायद्यानंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, म्हणून बांधाचा वाद असेल तर सातबाऱ्यावर थांबू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुनं टिपण (शेताच्या मोजणीची मूळ नोंद) आणि एकत्रीकरणाचा उतारा काढा.