‘एवढंच’ म्हणून सोडलेलं पान

प्रिय ताई,

माझं वय 47. अकरा वर्षांपूर्वी मला आमवात असल्याचं निदान झालं, तेही वर्षभर एका डॉक्टरांकडून ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे ऐकून घेतल्यावर. आता औषधांवर बरी आहे. माझ्या अनुभवातून इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून पुस्तक लिहायला घेतलंय. दोन वह्या भरल्या. पण लिहिलं की पुढचा अख्खा दिवस रडवेला जातो. नवरा म्हणतो, झालं गेलं ते कशाला उकरतेस? सासूबाईंबद्दल बरंच लिहिलंय, ते त्यांना दाखवायची हिंमत नाही. आणि शेवट काय करू? आजार काही गेलेला नाही. पूर्वी सकाळी टूथपेस्टचं टोपण उघडायला पाच वर्षांच्या लेकाला उठवावं लागायचं, ते दिवस आता नाहीत, एवढंच. मी आयुष्यात कधी लेखन केलेलं नाही. लिहू की सोडून देऊ?

— दोन वह्यांची मालकीण

प्रिय मालकीणबाई,

लिहा. मात्र प्रेरणा सध्या बाजूला ठेवा. ती द्यायला बसलं की माणूस भाषण करायला लागतो, आणि आजारी माणसाला भाषणं फुकट मिळतच असतात.

तुमच्या पत्रातली सगळ्यात जिवंत ओळ तुम्ही ‘एवढंच’ म्हणून उडवून लावलीत. आमवातात दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडतात, तासभर किंवा जास्तच मोकळी होत नाहीत, हे कुठल्याही डॉक्टरी माहितीत सापडतं. पण त्या तासाभरात घर कसं चालतं? पोराला हाक मारण्याआधी तुम्ही स्वतः किती झटापट करायचात? दातांनी टोपण फिरवून पाहिलंत का? तो डोळे चोळत यायचा, की चिडायचा, की आपण आईपेक्षा ताकदवान म्हणून खूश व्हायचा? तो एखाद्या रात्री घरी नसला तर काय? हे लिहा. नुकतंच निदान झालेली एखादी बाई ते पान वाचेल आणि ‘अगं, माझंही असंच होतं’ म्हणेल. तुम्हाला जी प्रेरणा म्हणायची आहे, ती बहुतेक हीच.

रडण्याचं म्हणाल, तर ते अनेकांचं होतं. 1986 साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनांबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लगेचच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. यातून तुमचे सांधे सुधारतील असं मी म्हणत नाही. पण बैठक छोटी ठेवा, हे नक्की म्हणेन. आणि उदासी दिवसामागून दिवस हटेना, तर वही मिटून समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला. नवऱ्यालाही हे सांगा. तो पुस्तकाला नाही, तुमच्या रडण्याला घाबरलाय असं मला दिसतं. शिवाय त्या वर्षांत तोही त्याच घरात होता, त्याला काय आठवतं ते विचारलंत का?

सासूबाई. वहीत सगळं लिहा, अगदी खरपूस. वही आणि छापील पुस्तक यांच्यात भरपूर वेळ आहे. छापायची वेळ आली की त्यांच्यावरचं प्रत्येक पान स्वतःला वाचून दाखवा: हे आजाराची गोष्ट पुढे नेतंय, की जुना हिशेब चुकवतंय? त्यांचे टोमणे लिहिलेत आणि तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या असताना घर कुणी सांभाळलं ते गाळलंत, तर वाचक तुमच्यावरच अविश्वास दाखवेल. जे ठेवाल ते छापण्याआधी त्यांना दाखवा. लेक आता सोळाचा असेल, त्यालाही टोपणाचं पान दाखवा. त्या वयात मित्रांनी वाचलेलं फार झोंबतं. तो नको म्हणाला तर ऐका.

त्या डॉक्टरांचं नाव, दवाखाना, ओळख पटेल असं काहीही नको. तो प्रसंग मात्र पूर्ण येऊ द्या. आजारपणाची फाइल काढून तारखा ताडून घ्या, कारण आठवणी घटनांचा क्रम बिनदिक्कत बदलतात. तेव्हा रक्ताच्या कुठल्या तपासण्या झाल्या होत्या तेही बघा. काही रुग्णांत आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी, निगेटिव्ह येते आणि तरीही आमवात असतो. त्याने ‘मनाचे खेळ’ माफ होत नाही, पण वाचकाच्या हाती तुमच्या रागापेक्षा उपयोगाचं काहीतरी पडेल.

एका बाबतीत मी कडक आहे: औषधं. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण आमवातात मेथोट्रेक्सेट सर्रास दिलं जातं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. ‘मग माझी गोळी सुरू झाली आणि बोटं मोकळी झाली’ असं मोघम वाक्य कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. डोस लिहूच नका, आणि औषधांची पानं तुमच्या सांधेविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

शेवटाची काळजी तुम्हाला उगाच छळतेय. आर्थर फ्रँक हे समाजशास्त्रज्ञ स्वतः हृदयविकार आणि कॅन्सरमधून गेले. 1995 मध्ये त्यांनी आजाराच्या कथांचे तीन प्रकार मांडले: बरं होऊन पूर्ववत होण्याची, नुसत्या गोंधळाची, आणि आजारातून काही शोधत जाण्याची. तुम्ही पहिल्या प्रकारचा शेवट शोधताय, आणि तो तुमच्या आजारात नाही. मग आजचा एखादा साधा दिवस घ्या, गोळ्या-औषधांसकट, आणि तिथे थांबा. पुढे आजार उलटला तरी ते पान खोटं ठरणार नाही.

आणि ‘कधी लेखन केलेलं नाही’ हे दोन वह्या भरलेल्या बाईने मला सांगू नये. हस्तलिखित पुरं झाल्यावर कुणी ‘छापून देतो, एवढे पैसे भरा’ म्हणेल. तेव्हा प्रती किती, हक्क कुणाकडे आणि न खपलेले गठ्ठे कुणाच्या घरी, हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

— ताई