आखाजीला पोरं जमणार? मग टब काढाच

ताई, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पोरांसाठी पाण्यातले खोटे मासे झाऱ्यानं पकडायचा खेळ मांडायचा असेल, तर कागदी झाऱ्यापासून सुरुवात करू नका. जपानच्या जत्रांत पातळ कागदाच्या झाऱ्यानं सोनमासे पकडतात, कागद फाटला की डाव संपला. तीन-चार वर्षांच्या पोराला यात फक्त रडू येतं.

पहिल्या दिवशी चहाची गाळणी द्या. परातीत चार बोटं पाणी, त्यात बाटल्यांची मोठी झाकणं, पिंगपाँगचे चेंडू. जळगावकडे असाल तर केळीच्या सोपटाचे (खोडाच्या सालीचे) मासे कापा, मस्त तरंगतात. (डाग मात्र जात नाहीत, जुने कपडे घाला.)

हात बसला की झारा करा: प्लास्टिकच्या ग्लासाचं दोन बोटं रुंद कडं कापा, धारेला चिकटपट्टी लावा, वर टिश्यूचा रुमाल ताणून रबरबँड. आधी दुहेरी, मग एकेरी. झारा तिरका पाण्यात घालायचा, उभा आपटायचा नाही, हे एकदा दाखवा आणि गप्प बसा.

नवे लोक हमखास चुकतात ते इथं:

- टब काठोकाठ भरतात. पोरांना पाण्यापाशी क्षणभरही एकटं सोडू नका, खेळ संपला की पाणी झाडांना.
- गोट्या, मणी, पाण्यात फुगणारे जेलचे गोळे टाकतात. धाकटं पोर थेट तोंडात घालतं.
- जिंकणारा-हरणारा ठरवतात. मी पहिल्यांदा बक्षीस ठेवलं, भाचे एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागले!

वैशाखात दुपारी अंगणात नको, ओसरीवर मांडा. जिवंत मासे तर मुळीच नको.