एन्क्रिप्शन: सुरुवातीला एवढंच पुरे
एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराला कुलूप लावणं, किल्ली असेल त्यालाच तो वाचता येतो. आरएसए, एईएस ही त्याच्या पद्धतींची नावं वाचून बिचकू नका, गणित नंतर. आधी बॅकअप बघा. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येत नाहीत, पण क्लाउडवरच्या बॅकअपचं कुलूप सेटिंग्जमध्ये जाऊन आपणच लावायचं असतं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. मी ‘राहील की लक्षात’ म्हणालो आणि चार वर्षांच्या गप्पांवर पाणी सोडलं.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- टेलिग्रामचं साधं चॅट एंड-टू-एंड नसतं, त्यासाठी सीक्रेट चॅट उघडावं लागतं.
- साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसलं म्हणजे साइट खरी, असं नाही. वाटेत कोणी वाचत नाही एवढंच. पलीकडे भामटाही बसलेला असू शकतो.

आणि फोनचा पिन १२३४ असेल, तर हे सगळं राहू द्या, आधी तो बदला.